खारपाणपट्ट्यातले चामडी हातमोजे : दोन वर्षांच्या वापरानंतर

ज्या हातमोज्यांविषयी मी लिहीत आहे ते सायकल चालवताना घालायचे, अर्ध्या बोटांचे, तळव्याला शेळीचे मऊ कातडे आणि पाठीवर सुती दोऱ्याची जाळी असलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका दुकानातून ते 1,150 रुपयांना घेतले. तेव्हापासून दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या गावाहून शाळेपर्यंतचे रोजचे जाऊन-येऊन 22 किलोमीटर, रविवारच्या लांब फेऱ्या, परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंतचा घाट चार वेळा आणि साडेतेरा तासांच्या आत संपवावी लागणारी 200 किलोमीटरची एक ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी), एवढे सगळे या मोज्यांनी पाहिले आहे. मोजे चांगले आहेत आणि पुन्हा घ्यावे लागले तर मी हेच घेईन. मात्र आमच्या भागात ते दोन वर्षे टिकतील की दोन महिने, हे कारागिरीइतकेच ते कोणत्या पाण्यात धुतले जातात यावर ठरते, आणि आत शिवलेल्या चिठ्ठीवर त्याविषयी एक अक्षरही नाही. त्यामुळे हे परीक्षण बरेचसे धुण्याविषयीचे झाले आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. तळव्यात करंगळीच्या बाजूला जेलची जाड गादी आहे. हँडलवर तासन्‌तास भार टाकल्यावर तिथून जाणारी अल्नर नस दबते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. हा त्रास या गादीने पुष्कळ कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही. अंगठ्याच्या पाठीवर घाम पुसण्यासाठी टॉवेलसारखे कापड आहे. शेळीचे कातडे पातळ असूनही चिवट असल्यामुळे ब्रेकची दांडी बोटांना नीट जाणवते. मनगटाला वेल्क्रो आहे, त्याची तक्रार पुढे येईलच.

हा माझा दुसरा जोड आहे. पहिला, वेगळ्या बनावटीचा, मी स्वतःच्या हाताने बिघडवला. मे महिना होता, मोज्यांना घामाचा आंबूस वास येऊ लागला होता, आणि चिठ्ठीवर 'थंड पाण्यात हाताने धुवावे' एवढेच लिहिलेले होते. मी बोअरच्या पाण्याच्या बादलीत कपड्यांची पावडर घालून मोजे तासभर भिजवले, पायमोजे पिळावेत तसे पिळले आणि लवकर वाळावेत म्हणून टिनाच्या छपरावर टाकले. दुपारी पारा 45 अंशांवर होता, टिन त्याहून कितीतरी अधिक तापलेले असणार. संध्याकाळी खाली काढले तेव्हा त्यांचा पार पापड झाला होता. काळ्या कातड्यावर शिवणीच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, आणि बळेच हात घालायला गेलो तर अंगठ्याच्या बुडाशी कातड्याला तडा गेला.

ते मोजे मी दर्यापूरच्या बसस्थानकाजवळ बसणाऱ्या मोचीकाकांना दाखवले. त्यांनी तड्याची कडा नखाने उलगडून पाहिली, मग मोजा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "सर, धुतलं ते ठीक हाये, पन धुतल्यावर तेल कोन पाजनार होतं?"

त्या उलगडलेल्या कडेत आतला थर निळसर राखाडी दिसत होता. कातडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असले की आतून बहुधा असाच रंग निघतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, जसे कोल्हापुरी चपलेचे, आतून तपकिरी असते आणि भिजून वाळले की चटकन कडक होते. क्रोमचे कातडे पाणी त्यामानाने बरेच सोसते, म्हणूनच असे मोजे 'धुता येण्यासारखे' म्हणून विकता येतात. परंतु कातडे म्हणजे सूक्ष्म तंतूंचे जाळे, आणि कोणत्याही रीतीने कमावलेले असले तरी ते तंतू एकमेकांवरून सरकत राहावेत म्हणून कारखान्यात त्यात तेल मुरवलेले असते. कपड्यांची पावडर तेलकट डाग काढण्यासाठीच बनवलेली असल्यामुळे ती हे तेलही काढून नेते. नंतर पाणी उडून जाते, उघडे पडलेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि मोजा ताठ होतो. शिवाय कमावलेले कातडे स्वभावाने किंचित आम्ल असते, तर पावडर आणि धुण्याचा सोडा हे दोन्ही चांगलेच अल्कधर्मी, म्हणजे वैर दुहेरी आहे. शिळा घामही याच पक्षातला आहे. ताजा घाम बहुधा थोडा आम्ल असतो, पण तो साचून राहिला की त्यातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. वास येऊ लागेपर्यंत थांबू नये, याचे कारण हेच.

एवढे कळल्यावर दुसऱ्या जोडाला मी पावडर लावली नाही आणि सावलीत वाळवले, तरी पहिल्या धुण्यानंतर पांढऱ्या रेघा पुन्हा उमटल्या. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात जो पांढरा खरपुड्यांचा थर चढतो, अगदी तसाच तो थर होता. कूलरमध्ये आणि मोज्यांच्या बादलीत पाणी एकाच बोअरचे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. इथे भूजलच खारे आहे, ते चहात जाणवते, डाळ शिजू देत नाही आणि साबणाला फेस येऊ देत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर मी बोअरच्या पाण्यात बुडवला तेव्हा आकडा 2,400 आला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत सूट मिळते. घामातले मीठ काढायला म्हणून मोजे मी घामाच्या वरताण खाऱ्या पाण्यात नाही, तरी खाऱ्याच पाण्यात खळबळत होतो, आणि ते पाणी उडून गेल्यावर त्यातले सगळे क्षार तंतूंच्या मध्ये बसून राहत होते. शिवाय अशा जड पाण्यात साबण घातला तर कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची चिकट साय धरते, ती शिवणीत शिरते आणि नंतर कितीही खळबळले तरी निघत नाही.

आता मी मोजे आरओच्या जारच्या पाण्यात धुतो. दोन लिटर पुरते. पहिल्यांदा जार वाकवला तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मानसाले प्याले पानी नाही अन् तुमच्या मोज्याइले जारचं पानी!" बोलण्यात तथ्य होते. म्हणून पावसाळ्यात पन्हाळीखाली एक ड्रम ठेवतो आणि पहिल्या दोन-तीन सरींनी स्लॅब धुऊन निघाला की मगच तो भरू देतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ड्रम झाकून ठेवला तर दिवाळीपर्यंतची सोय होते, जार फक्त उन्हाळ्यात वाकवावा लागतो.

साबणाच्या जागी मी रिठा वापरतो. किराणा दुकानात मिळणारी पाच-सहा फळे रात्री वाटीभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी बिया काढून कुस्करायची, एक उकळी आणायची आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे. सोनार दागिन्यांना आणि बायका रेशमी लुगड्यांना हेच पाणी लावत आल्या आहेत; ते मळ काढते, स्वतः किंचित आम्ल असल्यामुळे कातड्याशी वाकडे घेत नाही, आणि तेल काढून नेलेच तर पावडरीच्या मानाने थोडे. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबते. खोगिरासाठीचा म्हणून डबीत मिळणारा साबणही मी मागवून पाहिला. जाड जोड्यांना तो बरा आहे, पण पातळ कातड्याच्या मोज्यांना त्याचे मेण जास्त होते आणि जाळीत तर ते गोळ्या धरून बसते.

धुताना मोजे भिजवत ठेवायचे नाहीत. हातात घालूनच धुवायचे. आधी वेल्क्रो बंद करायचा, नाहीतर त्याचे आकडे दुसऱ्या मोज्याच्या जाळीत अडकून दोरे ओढतात. माझ्या डाव्या मोज्याच्या पाठीवरचे भोक त्याच चुकीचे आहे. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात हात बुडवून, हात धुतो तशीच एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे, बेचकी, तळवा अशी चोळणी करायची. आमची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि घामात कालवून बोटांच्या बेचक्यांत लिंपल्यासारखी बसते, तिथे जुना मऊ दातब्रश हलक्या हाताने फिरवावा लागतो. पहिले पाणी शाईसारखे निघते. त्यातला काही भाग मळ असतो आणि काही मोज्यांचा काळा रंग, कारण पहिल्या तीन धुण्यांपर्यंत माझी नखेही काळी होत होती. शाळेत फळ्यासमोर उभे राहिल्यावर पोरे हातांकडे पाहत असत. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वच्छ पाण्यात फेस संपेपर्यंत खळबळायचे, मोजे मनगटाकडून थोडेथोडे सोडवत काढायचे आणि न पिळता जाड दुपट्ट्यात गुंडाळून वरून तळहाताने दाबायचे. दुपट्टा पाणी ओढून घेतो. नंतर दोन मिनिटे पुन्हा हातात घालून मुठी वळल्या की बोटांचा आकार जागेवर येतो, आणि मग मोजे ओसरीत वलणीवर, उन्हापासून लांब, बोटे खाली करून टांगायचे. मे महिन्यात ते तीन-चार तासांत सुकतात, श्रावणात दीड दिवस लागतो.

तेलाची वेळ महत्त्वाची आहे. मोजे पूर्ण सुकण्याच्या थोडे आधी, हाताला गार लागतात पण ओले लागत नाहीत, तेव्हा तेल आतपर्यंत जाते. कोणते तेल, यावर गावात प्रत्येकाचे मत असते. आमच्याकडे घरोघरी जवस, म्हणून शेजारच्या काकांनी जवसाचे तेल सुचवले. मी ते आधी एका जुन्या चपलेच्या पट्ट्यावर लावून पाहिले आणि आठवड्याने त्यावर चिकट कातडीसारखा पापुद्रा धरला. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, लाकडाच्या पॉलिशमध्ये ते चालते ते त्याच गुणामुळे, आणि कातड्याला नेमके तेच नको असते. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते. पौषातल्या सकाळी मोज्यांवर पांढुरकी बुरशी आल्यासारखे दिसले ते खोबरेलच होते. शेवटी उत्तर गोठ्यात सापडले. आजोबांच्या वेळची घुंगरमाळ अजून खुंटीला आहे आणि तिचा चामडी पट्टा अजून वळतो. वडील दर पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदशेकणी आटोपली की, या पट्ट्याला एरंडेल चोळत. एरंडेल सुकून घट्ट होत नाही आणि आमच्या थंडीत गोठतही नाही. मोजाभर कातड्याला पाच-सहा थेंब पुरतात. वाटीत कोमट करायचे, बोटाच्या टोकाने तळव्यावर आणि बेचक्यांत जिरवायचे, जाळीला लागू द्यायचे नाही, आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकदा मी हात सैल सोडला आणि दुसऱ्या दिवशी हँडलची पकड निसटू लागली, वर सगळ्या रस्त्याची धूळ तळव्याला चिकटून आली.

धुणे फार वेळा नको. उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, एरवी महिना-दीड महिन्याने, हे मला पुरे वाटते. मधल्या काळात रोज परतल्यावर मोजे उलटे करून वाऱ्यावर टांगतो आणि आतून ओल्या फडक्याने घाम पुसून घेतो. पावसाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले तर चार दिवसांत बुरशी येते. आली तर ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकावी, नाहीतर घरभर होते.

आता मोज्यांचे दोष. वेल्क्रोची पकड वर्षभरातच निम्मी झाली, आणि एवढ्या किमतीत हे खटकते. बोटांना ओढून काढण्यासाठी कापडी कान दिलेले नाहीत, त्यामुळे घामेजलेला मोजा काढताना सगळा ताण शिवणीवर येतो. रंग सुटतो, हे वर आलेच आहे. आणि दुकानदाराला धुण्याविषयी विचारले तेव्हा "काही होत नाही, मशिनमध्ये टाका" असे उत्तर मिळाले. ते मी ऐकले नाही हे बरेच झाले.

ज्यांच्या गावाला नळाचे गोडे पाणी आहे त्यांनी हे मोजे विनासंकोच घ्यावेत. खारपाणपट्ट्यातल्यांनी घेताना रिठ्याची पुडी आणि एरंडेलाची बाटली यांचे चाळीस-पन्नास रुपये किमतीत धरावेत. एवढी उठाठेव नको असेल त्यांनी कृत्रिम कातड्याचे मोजे बघावेत; ते कसेही धुतले तरी चालतात, पण चिखलदऱ्याच्या घाटात घामाने बुळबुळतात असा माझा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात उजव्या अंगठ्याची शिवण दोन बोटे उसवली. त्याच मोचीकाकांनी मेण लावलेल्या दोऱ्याने ती वीस रुपयांत शिवून दिली. दोरा तपकिरी आहे, मोजा काळा. शिवताना त्यांनी कातडे दोन बोटांत धरून दुमडून पाहिले, पुन्हा सरळ केले, आणि काही न बोलता पुढचा टाका घातला.