कार्ट क्रमांक ७ आणि भाच्याचा वेग: पुण्याजवळच्या एका गो-कार्ट ट्रॅकचे परीक्षण

डिसेंबरमध्ये तासाभराच्या रिले शर्यतीत, म्हणजे चौघांनी पाळीपाळीने एकच कार्ट चालवायच्या शर्यतीत, आमचा संघ दुसरा आला होता. एप्रिलमध्ये त्याच ट्रॅकवर, त्याच शर्यतीत, तो सातवा आला. मधल्या काळात संघात एकच बदल झाला होता. एका मित्राची बंगळुरूला बदली झाली आणि त्याच्या जागी माझा एकोणीस वर्षांचा भाचा आला. त्यामुळे परत येताना चांदणी चौक ओलांडेपर्यंत उरलेल्या दोघा मित्रांचे एकमत होऊन गेले होते की वेग पोरामुळे गेला. भाचा मागच्या सीटवरून एवढेच म्हणत होता, ‘मामा, कार्ट ओढतच नव्हती.’

बायपासपासून थोडे आत असलेल्या या ट्रॅकबद्दल लिहावेसे वाटले ते याच वादामुळे, कारण तो सोडवण्याचे साधन ट्रॅक स्वतःच आपल्या हातात ठेवतो. प्रत्येक सेशननंतर काउंटरवर एक छापील कागद मिळतो आणि त्यावर प्रत्येक लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ कार्टच्या क्रमांकासह दिलेली असते. डिसेंबरच्या कागदावर कार्ट ११ होती आणि आमची सरासरी लॅप ४२.६ सेकंदांची होती. एप्रिलच्या कागदावर कार्ट ७ आणि ४३.८. तासाभरात ऐंशीच्या आसपास लॅप होतात, म्हणजे लॅपमागे १.२ सेकंदांनी आम्ही दोन लॅपहून अधिक मागे पडलो होतो. हा कागद घरी नीट पाहिला तेव्हा लक्षात आले की आमच्या संघात माणूस आणि गाडी दोन्ही एकाच वेळी बदलले होते, आणि असे झाले की कितीही तावातावाने बोलले तरी दोष कोणाच्या माथी जातो ते ठरवता येत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हा प्रश्न एकदा आपसूक सुटला होता. २०२० साली बहरीनमधल्या साखीरच्या शर्यतीत आपला ड्रायव्हर हॅमिल्टन आजारी असल्यामुळे मर्सिडीज संघाने तळाच्या विल्यम्स संघातून जॉर्ज रसेलला बोलावले. विल्यम्समध्ये तोपर्यंत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. मर्सिडीजमध्ये बसल्यावर पात्रता फेरीत तो मर्सिडीजच्याच दुसऱ्या ड्रायव्हरच्या, बोटासच्या, मागे अवघ्या ०.०२६ सेकंदाने दुसरा आला. माणूस तोच, गाडी वेगळी. आम्हाला नेमके हेच करून पाहायचे होते.

शनिवार-रविवारी ते शक्य नाही, कारण गर्दीत काउंटरवर जी कार्ट मिळेल ती घ्यावी लागते. बुधवारी संध्याकाळी मात्र विनंती मान्य झाली. मी आणि भाचा, दोघांनीही कार्ट ७ आणि कार्ट ११ आलटून-पालटून आठ-आठ मिनिटे चालवल्या. टायर थंड असतानाच्या पहिल्या दोन लॅप आणि पुढे कोणी आडवे आलेल्या लॅप वगळल्या, तेव्हा उरलेल्या वेळा अशा होत्या: कार्ट ७ मध्ये मी ४३.५ आणि तो ४३.९, कार्ट ११ मध्ये मी ४२.६ आणि तो ४३.०. दोघांच्याही हातात सात नंबर ०.९ सेकंदांनी मंद होती. भाच्यामुळे जाणारे ०.४ सेकंद हे रिलेतल्या चारपैकी एकाच पाळीत जातात, म्हणजे सरासरीत फक्त ०.१. उरलेले ०.२ सेकंद मी एप्रिलच्या दुपारच्या उन्हाच्या खात्यावर टाकतो, कारण डिसेंबरची शर्यत सकाळच्या थंडीत झाली होती आणि तापलेल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद थोडी कमी होतेच.

सात नंबरचा दोष हाताला आणि नाकालाही कळत होता. कचऱ्याच्या टाकीजवळच्या अरुंद वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा आवाज चढे, पण कार्ट क्षणभर जागच्या जागी अडखळे आणि मागून जळका वास येई. पिटमधल्या मेकॅनिकला हे सांगितले तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘साहेब, क्लच घसरतोय, सातला नवीन शू टाकायचे आहेत.’ त्याने समोरच टायरची हवा तपासली, मागच्या डाव्या चाकात कमी निघाली ती भरून दिली. त्याच्या कामाबद्दल मला आदरच वाटतो. परंतु ज्या कार्टचा क्लच बदलायचा आहे हे माहीत आहे, ती रिलेसाठी संघाच्या हाती देऊ नये, आणि द्यायचीच असेल तर कार्ट चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. ही या ट्रॅकबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरी तक्रार वजनाची. माझे वजन ७८ किलो आहे आणि भाच्याचे ५८. कार्टमध्ये वीस किलोंचा फरक म्हणजे मोठी गोष्ट. फॉर्म्युला वनमध्ये २०१९ पासून ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान वजनाचा नियम आहे (आधी ८० किलो, २०२५ पासून ८२) आणि कमी पडले तर सीटजवळच भार लावावा लागतो, तो याचसाठी. इथे अशी सोय नाही. हा फायदा हिशेबात धरला तर भाच्याची खरी उणीव ०.४ पेक्षा मोठी ठरते, आणि हे मी त्याला तिथेच सांगितले.

तेवढ्यात तो सीटमध्ये घसरतो हे मेकॅनिकच्या लक्षात आले. प्रत्येक वळणात तो स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरत होता, म्हणजे जे हात गाडी वळवायला हवे होते ते शरीर आवरण्यात गुंतले होते. हेल्मेटच्या मांडणीमागे फोमच्या गाद्या ठेवलेल्या असतात, पण तसा फलक कुठेच नाही. पाठीमागे एक गादी लावल्यावर कार्ट ११ मध्ये त्याची वेळ ४२.७ आली. माझ्या मते या संपूर्ण वादात सर्वांत दुर्लक्षित राहते ती हीच बाजू, गाडी आणि माणूस एकमेकांना बसतात की नाही ही. २०२४ मध्ये रेड बुलच्या व्हर्स्टॅपनने पहिल्या दहापैकी सात शर्यती जिंकल्या आणि पुढच्या दहांत एकही नाही. तशाच गाडीत त्याचा संघातला जोडीदार पेरेझ पहिल्या पाच शर्यतींत चारदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता आणि नंतर एकदाही नाही. लोकांनी दोष पेरेझला दिला. पण २०२५ मध्ये त्या जागी आलेल्या लॉसनला दोनच शर्यतींनंतर हलवावे लागले आणि नंतर आलेला त्सुनोडाही व्हर्स्टॅपनच्या जवळ पोहोचला नाही. तीन वेगळे ड्रायव्हर एकाच सीटवर अडखळतात, तेव्हा ती सीटही तपासायला हवी.

बाकी हेल्मेट स्वच्छ आहेत, पार्किंग पुरेसे आहे, आठ मिनिटांचे ६०० रुपये मला रास्त वाटतात. कागदावर ट्रॅकचे तीन भाग पाडून वेगवेगळ्या वेळा दिल्या तर वेळ वळणात जातो की सरळ पट्ट्यावर हेही कळेल. जाणार असाल तर बुधवारी जा, गादी मागून घ्या आणि मित्राबरोबर कार्टची अदलाबदल केल्याशिवाय परतू नका. चिठ्ठ्यांची सूचना व्यवस्थापकांनी वहीत लिहून घेतली आहे. पुढच्या रिलेत पहिली पाळी भाच्याची ठरली आहे, आणि ते त्या दोघा मित्रांनीच सुचवले.