सांडपाण्यासाठी रूट झोनचे वाफे की ब्लोअरच्या टाक्या?

दहा हजार वस्तीची नगरपंचायत धरा. माणशी रोज १०० लिटर सांडपाणी म्हटलं तरी दिवसाला १० लाख लिटर होतं. ते नदीत तसंच सोडायचं नाही, एवढं ठरलं आहे. समोर दोन प्रस्ताव आहेत: खडीत झाडं लावलेले रूट झोनचे वाफे, किंवा ब्लोअरने (हवा ढकलणाऱ्या यंत्राने) हवा सोडणाऱ्या टाक्यांचा नेहमीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प.

आधी जागा बघा. आपल्या हवामानात उभ्या प्रवाहाच्या वाफ्यांना (ज्यांत पाणी वरून सोडतात आणि ते खडीतून खाली झिरपतं) माणशी १ ते २ चौरस मीटर लागतात, म्हणजे एकूण अडीच ते पाच एकर. टाक्या दहा-पंधरा गुंठ्यांत बसतात. गावाच्या उताराला एवढी जमीन नसेल, तर वाफ्यांचा विचार इथेच सोडा.

जमीन असेल तर खरा प्रश्न विजेचा. एवढ्या पाण्याला टाक्यांचा प्रकल्प रोज दीडशे-दोनशे युनिट तरी खातो आणि त्यातली निम्म्याहून जास्त वीज ब्लोअरला जाते. टाकीतले जिवाणू त्या हवेवर जगतात. ब्लोअर बंद राहिला की ते मरू लागतात आणि नंतर प्रकल्प पुन्हा ताळ्यावर यायला कित्येक दिवस जातात. बिल थकल्यामुळे ब्लोअर बंद असलेला एक प्रकल्प मी पाहिला आहे. टाकीतलं पाणी काळं पडलं होतं, खालून बुडबुडे येत होते आणि वासाने काठावर उभं राहवत नव्हतं. नोंदवहीत मात्र महिनाभराचे आकडे एकाच पेनने, एकाच हाताने लिहिलेले होते. खाली गावं तेच पाणी वापरतात. त्या वहीचा राग अजून जात नाही.

वाफ्याला वीज लागलीच तर पंपापुरती, आणि उतार चांगला असेल तर तीही नाही. कर्दळ, पाणकणीस किंवा देवनळ लावलेला हा वाफा बागेसारखा दिसतो, म्हणून झाडंच पाणी शुद्ध करतात असा समज होतो. झाडं शोषतात ते थोडंच. वरची खडी बाजूला करून आत हात घातला की दगडांवर बुळबुळीत थर लागतो. त्या थरातले जिवाणू घाण खातात आणि मुळं खडी मोकळी ठेवतात. पाणी खडीच्या आतून वाहतं, वर साचत नाही, त्यामुळे डास होत नाहीत.

पण वाफा तुंबतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: वाफ्याच्या आधी गाळ खाली बसवायला टाकी असते, तिच्यातला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो, तो कुणी उपसत नाही. मग गाळ खडीत शिरतो, पाणी वर येतं आणि डासही येतात. पावसाळ्यात उघड्या गटारातून आलेला चिखलही तसाच अडकतो, आणि एकदा अडकला की खडी काढून धुण्यावाचून इलाज नाही. फ्रान्समधल्या हजारो लहान गावांनी यावर वेगळा उपाय केला आहे. तिथे जाळीतून गाळलेलं सांडपाणी थेट तीन वाफ्यांवर आळीपाळीने सोडतात. एक वाफा तीन-चार दिवस पाणी घेतो, बाकीचे दोन वाळतात. वर साठणारा गाळ वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरच चढतो आणि दहा-पंधरा वर्षांनी एकदा काढावा लागतो.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात फार फरक नाही. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरं आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून बाकी ठिकाणी बीओडीची (पाण्यात सेंद्रिय घाण किती, हे सांगणाऱ्या आकड्याची) मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. नीट चालवले तर दोन्ही प्रकल्प ती गाठतात. विष्ठेतल्या जिवाणूंची मर्यादा खात्रीने गाठायला मात्र दोन्हींना शेवटी क्लोरिन किंवा यूव्ही (अतिनील किरण) लागतं. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात, म्हणजे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं तिथे, हवा कमी पडते, म्हणून अमोनिया बराचसा तसाच राहतो. पाणी शेतीला जाणार असेल तर अमोनियातला नत्र पिकाच्या कामाचा. दिल्लीत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत दिवसाला २२ लाख लिटर सांडपाणी पाणकणसाच्या वाफ्यांतून काढून शेताला देतात.

माझं मत असं: उताराला जमीन असेल आणि गाव पंधरा हजारांच्या आत असेल, तर उभ्या प्रवाहाचे वाफेच घ्या, आणि फ्रान्ससारखे निदान तीन भाग करा. जमीन महाग असेल तर टाक्या घ्या, पण पाच वर्षांचं वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार यांची तरतूद आधी करा. दोन्हीकडे पावसाचं पाणी प्रकल्पाच्या आधीच वळवायची सोय हवी.

ठराव करण्याआधी पाच वर्षं जुना एखादा वाफा बघून या. पाणी आत येतं त्या टोकाला जा, खडीवर पाणी साचलंय का बघा, आणि तिथल्या माणसाला विचारा, गाळ शेवटचा कधी उपसला.