जुन्या वाड्याचं सागवान सांगून पांढरं लाकूड गळ्यात मारलं

मंडळी, गोठ्यावर कौलारू छप्पर करायचं डोक्यात असंल तर आधी हे वाचा मग वखारीत जावा. आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला, पत्र्याखाली उन्हाळ्यात म्हशी नुसत्या धापा टाकायच्या, म्हणून वडील म्हणाले लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, घालून मंगलोरी कौलं चढवू. कोल्हापुरातल्या एका वखारीत गेलो. मालकानं एक तुळई दाखवली, काळपट, जुन्या खिळ्यांची भोकं असलेली. "वाडा पाडला तिथला माल हाय पाव्हणं, नातवापर्यंत बघायला नको." चार कैच्यांचा ॲडव्हान्स दिला, वर चहा पण त्यानंच पाजला बरं का.

माल आला रात्री आठला, गावात लाईट गेलेली. सगळ्याला जळकं ऑइल फासलेलं, म्हणे वाळवी लागू नये म्हणून. आम्ही खूश!

पुढच्या चैत्रात म्हशीच्या पाठीवर पिवळसर पीठ दिसायला लागलं. आई आठ दिवस पेंडीचा भुसा समजून झाडत होती. शेवटी वर चढून विळ्यानं खरवडलं तर ऑइलखाली पांढरंफेक, टाचणीएवढी भोकं. कोवळ्या सागाचा सालीजवळचा भाग तो, किडा त्यालाच लागतो, आतल्या तपकिरी गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. एक टोक तासून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं.

मग टेप काढली. पावतीवर कैचीचं खालचं आडवं लाकूड 5 बाय 3 इंच, अखंड 18 फूट. इंचातली रुंदी गुणिले जाडी, गुणिले फुटातली लांबी, भागिले 144, म्हणजे 1.87 घनफूट. भरलं साडेचार बाय अडीच, 1.4 घनफूट. एकेका नगामागं जवळजवळ अर्धा घनफूट हवा विकत घेतली की राव! आणि अखंड कुठलं, दोन तुकडे, त्यांच्याच मेस्त्रीनं नुसत्या खिळ्यांवर जोडलेले, ना बोल्ट ना लोखंडी पट्टी. वरचे दोन पाय फाकू नयेत म्हणून हेच लाकूड ताण धरून असतंय, आणि एकेक कौल दोन-अडीच किलोचं, भिजलं की आणखी जड. सांधा बोटभर उघडलाय, भिंतीचा वरचा थर बाहेर सरकलाय.

वखारवाला म्हणतो, "पावतीवर सागवान लिवलंय, हे बी सागवानच हाय की." खरंय, 'जुनं' हा शब्द पावतीवर कुठंच नाही.

सध्या दोन कैच्यांना टेकू दिलेत, म्हशी चुलत्यांच्या गोठ्यात. उद्या ऐनाचं लाकूड बघायला निघालोय दुसरीकडं, दिवसाउजेडी, पिशवीत टेप आणि विळा घेऊन.