नीरो: जुना खलनायक की नवा लोकप्रिय राजा?

‘रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता’ हे आपण सर्रास म्हणतो. फिडल तेव्हा नव्हतंच. रोमचा सम्राट नीरो वाजवायचा तो सिथारा, लाकडी पेटीचं तंतुवाद्य.

जुनं चित्र स्युटोनियस आणि डिओ या रोमन लेखकांचं: आग नीरोनेच लावली. दोघांनीही हे अनेक दशकांनंतर लिहिलं, डिओने तर दीडशेहून अधिक वर्षांनी. रोमन इतिहासकार टॅसिटस सावध आहे. इ. स. 64 च्या जुलैत आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियम या गावी होता, परत येऊन त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्य स्वस्त केलं, असं तो नोंदवतो. शहर जळत असताना नीरो गात होता, हा उल्लेख टॅसिटस करतो, पण अफवा म्हणूनच.

नवं चित्र, म्हणजे आग न लावणारा, लोकप्रिय नीरो, नेमकं यावरच उभं आहे. शिवाय आगीनंतरचे नियम बघा: रुंद रस्ते, घरांच्या उंचीला मर्यादा, दोन घरांत सामाईक भिंत नाही. हे शहाण्या प्रशासनाचं काम आहे.

तरी नवी मांडणी कधीकधी फार पुढे जाते. 59 मध्ये आई अग्रिपिनाचा खून नीरोनेच करवला, आणि आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांना जाळलं, हेही त्याच टॅसिटसने लिहिलंय. त्याची सोयीची पानं तेवढी उचलणं मला पटत नाही. आगीपुरता मात्र मी नव्या बाजूने आहे.