बुद्धांचा गृहत्याग: चार दृश्ये की रोहिणीचे पाणी?

सिद्धार्थांनी २९व्या वर्षी घर का सोडले? त्यांना राजकीय बंडखोर म्हणायचे की नाही, हे बरेचसे या उत्तरावर ठरते.

पारंपरिक कथेत म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतात. ही कथा दुःखाची आहे, सत्तेची नाही. पण २९ वर्षांच्या माणसाने म्हातारा कधी पाहिलाच नव्हता, हे पटत नाही. अरियपरियेसन सुत्तात (पाली ग्रंथांतील बुद्धांच्या एका प्रवचनात) तर आईवडील रडत असताना त्यांनी घर सोडले एवढेच येते. चार दृश्ये नाहीत.

बाबासाहेबांची मांडणी वेगळी. रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थांचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलिय यांचा तंटा पेटला, शाक्य संघाने (शाक्यांच्या सभेने) युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थांनी विरोध केला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून त्यांनी देशत्याग पत्करला. हा उघड राजकीय नकार! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी ज्या बुद्धाला शरण जाण्याची दीक्षा घेतली, तो बाबासाहेबांना असा दिसला होता. अडचण ही, की पाली अट्ठकथांत (जुन्या टीकाग्रंथांत) हा तंटा बोधीनंतरचा, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतरचा, आहे आणि बुद्ध त्यात मध्यस्थ आहेत.

तरी 'बंडखोर' शब्द जपून वापरावा. विनयात (भिक्षूंच्या नियमांत) राजाचा सैनिक, कर्जदार आणि दास यांना प्रव्रज्या (संघप्रवेशाची दीक्षा) नाही. म्हणजे राजसत्तेशी थेट टक्कर टाळलेली. खरे बंड भिक्षुसंघाच्या आत आहे: उपाली न्हाव्याला शाक्य कुमारांआधी प्रव्रज्या मिळाली, आणि ज्येष्ठतेच्या नियमाने त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागले.