तळोज्यात बदललेला ॲक्सल आणि त्याआधी केलेले वजन

नेरूळहून गुहागरला निघालो की आमची गाडीमागे जोडायची कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, जाताना डुलायची आणि परतताना मात्र शहाण्यासारखी सरळ चालायची. दोन वर्षे आम्ही याचे खापर कधी वाऱ्यावर, कधी राष्ट्रीय महामार्ग 66 वरच्या खड्ड्यांवर, तर कधी शेजारून जाणाऱ्या टँकरच्या झोतावर फोडत राहिलो. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी सुकेळी खिंडीच्या उतारावर, वेग जेमतेम साठ असताना, ट्रेलरने पहिला झोका खाल्ला, दुसरा त्याहून मोठा खाल्ला आणि तिसऱ्या झोक्याला आमच्या पिकअपचे मागचे टोकच त्याच्याबरोबर सरकल्याचे मला स्टीअरिंगमध्ये जाणवले. मागे दोन्ही मुले झोपली होती. त्या दिवशी आम्ही कोलाडला थांबलो आणि ट्रेलरची तब्येत नीट तपासून घेतल्याशिवाय पुढचा प्रवास करायचा नाही, असे ठरवले. ज्या कार्यशाळेत हे काम झाले तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण अशी कामे समजून करणारी माणसे आपल्या भागात फार थोडी आहेत.

कार्यशाळा तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. मुख्य धंदा ट्रकच्या कमानी (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा), हब (चाकाचा मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग) आणि ब्रेक यांचा. ट्रेलरची कामेही तिथे होतात. तिथे जाण्यापूर्वी एका गॅरेजने आमच्या तक्रारीवर उपाय म्हणून कमानीत दोन-दोन पाटे वाढवून दिले होते. त्याने ट्रेलरची मागची बाजू वर उचलली गेली, आतल्या कपाटांच्या बिजागऱ्या निखळल्या आणि डुलणे होते तसेच राहिले. वाढवलेला पाटा कमान ताठ करतो. ॲक्सलची (दोन्ही चाके ज्यावर बसतात त्या दांड्याची), बेअरिंगची किंवा टायरची वजन पेलण्याची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही, हे मला तळोज्याला गेल्यावर नीट कळले.

तिथल्या वयस्क मिस्त्रींनी ट्रेलरखाली वाकूनही न पाहता पहिला प्रश्न केला, “ताई, पाण्याची टाकी भरून आणलीय की रिकामी?” मी रिकामी आणली होती. त्यांनी आम्हाला परत पाठवले आणि सांगितले, की गुहागरला जाताना जसे निघता तसेच भरून या. भांडी, गॅस, गाद्या, खुर्च्या, सगळे. आम्ही दुसऱ्या दिवशी तसे गेलो आणि मिस्त्री आमच्याबरोबर कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळच्या ट्रक तोलायच्या काट्यावर आले.

काट्यावर आधी संपूर्ण ट्रेलर गाडीपासून सोडवून उभा केला, मग डावे आणि उजवे चाक वेगवेगळे मोजले. ट्रेलरचा जो भाग गाडीच्या हुकावर टेकतो त्याचे वजन मात्र एवढ्या मोठ्या काट्यावर नेमके कळत नाही, म्हणून कार्यशाळेशेजारच्या भंगारवाल्याचा तीनशे किलोचा वजनकाटा आणून त्यावर लाकडी ठोकळा उभा केला आणि ट्रेलर जमिनीशी समांतर असताना कपलिंग, म्हणजे हुकाला जोडायचे त्याचे तोंड, त्यावर टेकवले. ही समांतर स्थिती महत्त्वाची आहे, कारण नाक वर असेल तर आकडा कमी दिसतो. आमचे आकडे असे निघाले: एकूण वजन 1290 किलो, हुकावर 65 किलो आणि ॲक्सलवर 1225 किलो. ॲक्सलच्या पट्टीवर क्षमता 1000 किलो लिहिलेली होती. डाव्या चाकावर 650 आणि उजव्यावर 575 किलो भार होता, तर टायरवरचा भारनिर्देशांक 89 होता, म्हणजे एका टायरची मर्यादा 580 किलो. डावा टायर दोन वर्षे सत्तर किलो जादा वाहत होता आणि आम्ही दर सहलीला फक्त हवा तपासत होतो. हे आकडे कागदावर बघताना मला सुकेळीच्या उतारापेक्षाही जास्त भीती वाटली.

ॲक्सल कमकुवत आहे हे तिथेच सिद्ध झाले होते. दुसऱ्या कोणी लगेच नव्या ॲक्सलचे बिल लावले असते आणि आम्हीही आनंदाने पैसे मोजले असते. मिस्त्रींनी मात्र टाकी रिकामी करवली आणि हुकावरचे वजन पुन्हा घेतले. ते 65 वरून एकदम 115 किलोवर गेले. आमच्या शंभर लिटरच्या टाकीची जागा ॲक्सलच्या दीड मीटर मागे होती आणि कपलिंगपासून ॲक्सलचे अंतर तीन मीटर. लहान मुलांच्या सी-सॉसारखा हा हिशेब आहे: मागे शंभर किलो भरले की पुढचे टोक पन्नास किलोने हलके होते. अशा ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. भरल्या टाकीने आमच्याकडे तो पाच टक्के भरत होता आणि रिकाम्या टाकीने साडेनऊच्या पुढे. जाताना डुलणे आणि येताना सरळ चालणे, याचे उत्तर टाकीतल्या पाण्यात होते: जाताना ती भरलेली असायची, येताना रिकामी. दोन वर्षांचे कोडे एका ठोकळ्याने आणि भंगारवाल्याच्या काट्याने सुटले.

ॲक्सलच मागे सरकवा, म्हणजे टाकी हलवावी लागणार नाही, असे मी सुचवले होते. मिस्त्रींनी ते साफ नाकारले. चासीचे आडवे पट्टे जिथे आहेत तिथेच कमानी अडकवायचे हँगर बसले पाहिजेत, शिवाय चाकांसाठी बॉडीत ठेवलेल्या खाचा वाढवून कापाव्या लागल्या असत्या. टाकी ॲक्सलच्या तीस सेंटीमीटर पुढे आणणे जास्त शहाणपणाचे होते. मागच्या भिंतीला आम्ही हौसेने बसवलेली सामानाची जड पेटीही त्यांनी काढायला लावली. टोकाला लटकणारे वजन हुकावरचा भार तर कमी करतेच, पण एकदा झोका सुरू झाला की त्याला जोरही देते. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवला आणि डोक्याजवळ धरून फिरवला तर जो फरक जाणवतो, तोच इथे आहे. तीस किलोची बॅटरी डावीकडच्या ओट्याखालून उजवीकडच्या बाकाखाली गेली.

नवा ॲक्सल 1500 किलोचा घेतला. तो जुन्यापेक्षा चाळीस किलो जड आहे. त्याबरोबर कमानी, यू बोल्ट, शॅकलचे बुश आणि 98 निर्देशांकाचे, म्हणजे प्रत्येकी 750 किलो पेलणारे टायर आले. ॲक्सल मोठा आणि टायर जुनेच ठेवले असते तर मर्यादा टायरचीच राहिली असती, हे त्यांनी न विचारता सांगितले.

ब्रेकबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. आमच्या ट्रेलरला ढकलण्यावर चालणारे यांत्रिक ब्रेक होते: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून कपलिंग दाबतो आणि केबल ओढून ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ते ठीक आहेत, पण घाटात उतारभर ट्रेलर ढकलतच राहतो, म्हणून ब्रेकही उतारभर घासत राहतात आणि तापतात. त्याहून मोठी अडचण अशी, की ट्रेलर डुलू लागल्यावर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. आता दहा इंची ड्रमचे विजेवर चालणारे ब्रेक बसवले आहेत. गाडीच्या डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरमधून प्रवाह गेला की ड्रममधला विद्युतचुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो, त्याबरोबर ओढला जातो आणि त्याच्या दांड्याने शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) बाहेर ढकलले जातात. कंट्रोलरला हाताने दाबायचा एक खटका आहे. झोका आला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, गाडीचे ब्रेक जोरात मारायचे नाहीत आणि फक्त हा खटका हळूहळू दाबायचा, म्हणजे मागचा ट्रेलर ताणला जाऊन पुन्हा रेषेत येतो. तळोज्याच्या मोकळ्या रस्त्यावर मला हे तीस-चाळीसच्या वेगात सात-आठ वेळा करायला लावले.

हब बसवताना मी शेजारी उभी होते. मिस्त्रींनी बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसमध्ये कडेकडेने दाबत राहून, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीसचे धागे बाहेर येईपर्यंत भरले. मग एका हाताने ड्रम फिरवत दुसऱ्या हाताने नट आवळला, पुन्हा सैल केला, नुसत्या बोटांनी टेकवला आणि तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन घातली. पाना शेवटी हातात घेतलाच नाही. जास्त आवळलेले बेअरिंग पनवेल गाठण्याआधी जळते, असे ते म्हणाले. परतताना बेलापूरला थांबून मी दोन्ही हबना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट होते.

ट्रेलर हुकापासून निसटला तर आपोआप ब्रेक लावणारा सुटका खटका आणि त्यासाठी ट्रेलरवर स्वतंत्र छोटी बॅटरी, हेही या कामात आले. त्याची तपासणी माझ्यासमोर झाली: चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले, या खटक्याची पिन खेचली आणि चाक जागच्या जागी थांबले. त्या पिनेची दोरी सुरक्षा साखळीला बांधायची नाही, गाडीच्या चासीला बांधायची, हे दोनदा बजावले.

आता तक्रारी. नऊ दिवस सांगून सोळा दिवस लावले, आणि त्यातले पाच दिवस ट्रेलर पावसात उघड्यावर होता, कारण शेड ट्रकनी भरलेली होती. ब्रेकच्या वायरचे जोड त्यांच्या वायरमनने नुसते पीळ घालून टेपने गुंडाळले होते. प्रत्येक चुंबक सुमारे तीन अँपिअर घेतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत असे जोड गंजले की विजेचा दाब कमी होतो आणि ब्रेक ढिले वाटू लागतात. मी हरकत घेतल्यावर मिस्त्रींनी स्वतः ते जोड कापून सोल्डर केले, त्यावर बंद नळी चढवली आणि मूळची बारीक वायर बदलून जाड टाकली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. हे आधीच व्हायला हवे होते, असे माझे मत आजही आहे. एकूण बिल एक लाख बेचाळीस हजार झाले, त्यातला जवळजवळ निम्मा खर्च ॲक्सल आणि ब्रेकचा. मला ते जास्त वाटले नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत ते चोख आहेत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मनाने करता येत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी आम्हाला परिवहन कार्यालयात चौकशी करून यायला सांगितले, आणि बिलावर ॲक्सलचा क्रमांक, क्षमता व ब्रेकचा प्रकार स्वच्छ लिहून दिला.

शेवटी पुन्हा कळंबोलीचा काटा झाला. एकूण 1300 किलो, हुकावर 140, ॲक्सलवर 1160. डावीकडे 590 आणि उजवीकडे 570. टाकी रिकामी केली तरी हुकावर 130 राहतात, म्हणजे प्रमाण दोन्ही वेळा पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास. नवा ॲक्सल बसल्यावर ट्रेलर पाच सेंटीमीटर उंच झाला होता, तेव्हा पिकअपचा हुकही तेवढाच वर घेऊन नाक सरळ केले. चाकांचे नट सोळा, चाळीस आणि ऐंशी किलोमीटरवर पुन्हा आवळायला सांगितले होते. दुसऱ्या वेळी डावीकडचे दोन नट खरोखरच पाव फेरा फिरले.

त्यानंतर गुहागरला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून. सुकेळीचा उतार साठच्याच वेगात उतरले आणि आरशात ट्रेलरच्या दोन्ही कडा शेवटपर्यंत जागच्या जागी दिसत होत्या. शू नवे असल्याने बसून झाल्यावर ब्रेकची एक जुळवणी फुकट करून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे, त्यासाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. कोणाला जायचे असेल तर रविवारी ते बंद असतात, आधी फोनवर वेळ ठरवावी लागते, आणि ट्रेलर सहलीला निघतानाच्या सामानासह, पाणी भरूनच न्यावा. रिकामा नेलात तर ते परत पाठवतात.