'काल आलेली मुलगी' इंग्रजीत नेताना: 'हू', 'आयएनजी' की आणखी काही?

'काल खिडकी फोडणारा मुलगा आज माफी मागायला आला.' मराठीत या वाक्याला कुठेच अडखळायला होत नाही. 'फोडणारा' या रूपात स्वतःचा काळ नसतो. तो काल फोडणारा असेल, आत्ता फोडणारा असेल किंवा उद्या फोडणारा असेल. काळाची जबाबदारी 'काल' या शब्दाने उचललेली असते.

हेच वाक्य इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप 'द बॉय ब्रेकिंग द विंडो यस्टरडे' असं लिहून जातो, कारण 'णारा' म्हणजे 'आयएनजी' हे समीकरण शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण 'ब्रेकिंग' वाचलं की इंग्रजी वाचकाला ती कृती चालू असलेली दिसते: मुलाने हात उगारलाय, काच अजून फुटतेय. घडून संपलेली गोष्ट सांगायची असेल तर 'द बॉय हू ब्रोक द विंडो यस्टरडे' असंच लिहावं लागतं.

म्हणून या दोन रचनांमधली निवड करताना मी एकच प्रश्न विचारते: मुख्य वाक्यातली घटना घडली तेव्हा ही कृती चालू होती का? 'दारात उभा असलेला माणूस माझ्याकडे बघून हसला.' हसला तेव्हा तो उभाच होता, म्हणून 'द मॅन स्टँडिंग ॲट द डोअर' चालतं, आणि 'हू वॉज स्टँडिंग'पेक्षा सुटसुटीतही वाटतं. माफी मागायला आला तेव्हा मात्र मुलगा खिडकी फोडत नव्हता. तिथे 'हू' आणि साधा भूतकाळ.

'लेला'ची गोष्ट याहून अवघड आहे, आणि मराठी माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. 'बोलावलेला माणूस' आणि 'जेवलेला माणूस' ही दोन रूपं शेजारी ठेवून पाहा. पहिल्याला कुणीतरी दुसऱ्याने बोलावलंय, दुसरा स्वतः जेवलाय. मराठी दोघांनाही एकच प्रत्यय लावते आणि अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवते. इंग्रजी ही सूट देत नाही. नामानंतर येणारं भूतकाळी धातुसाधित ('अरेस्टेड'सारखं रूप) तिथे ज्याच्यावर कृती झाली त्याचंच वर्णन करतं. 'द मॅन अरेस्टेड लास्ट नाइट' म्हणजे काल रात्री ज्याला अटक झाली तो. ज्याने अटक केली तो कधीच नाही. त्याच्यासाठी 'द ऑफिसर हू अरेस्टेड हिम' असंच लिहायला हवं. आणि 'काल आलेली मुलगी'साठी 'द गर्ल अराइव्हड यस्टरडे' लिहिलंत, तर ते 'मुलगी काल आली' असं पूर्ण वाक्यच होऊन बसतं. वाचक तिथे थांबतो, पुढचं क्रियापद आलं की गोंधळतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. 'रिटायर्ड टीचर', 'एस्केप्ड प्रिझनर' असे काही शब्द नामाच्या आधी बसतात आणि त्यात माणूस स्वतःच कर्ता असतो, पण ते मोजके आहेत. त्यांच्यावरून नियम बांधू नका.

कर्ता कोण हे न सांगण्याची मराठीची सवय आणखी एका ठिकाणी आडवी येते. 'मला भेटलेले डॉक्टर' यात भेटायला कोण गेलं? इंग्रजीत ते ठरवूनच लिहावं लागतं: 'द डॉक्टर हू मेट मी' किंवा 'द डॉक्टर आय मेट'. दुसऱ्या रचनेत संबंधी सर्वनाम, म्हणजे 'हू', गळून गेलंय. 'आय मेट' या गौणवाक्याचा कर्ता 'आय' आहे, डॉक्टर नाहीत, म्हणून ते गाळता आलं. डॉक्टरच कर्ते असते तर 'हू' गाळता आलं नसतं. 'द डॉक्टर आय मेट'मध्ये गाळलेल्या जागी 'हूम'ही लिहिता येतं, पण ते औपचारिक वाटतं. 'टू हूम', 'विथ हूम' असं शब्दयोगी अव्यय पुढे आणलं तर 'हूम'ला पर्याय नाही. रोजच्या लिखाणात मी 'द डॉक्टर आय स्पोक टू' हेच निवडते. आणखी एक सवय सोडायला हवी. 'जो आला तो'मधला 'तो' इंग्रजीत सोबत नेऊ नका. 'द मॅन आय मेट हिम' यातला 'हिम' नुसता जादा नाही, चूक आहे.

'हू' की 'दॅट'? माणसासाठी दोन्ही बरोबर आहेत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तर प्रत्यक्ष देवाला उद्देशून 'अवर फादर विच आर्ट इन हेवन' असं आहे. आज मात्र माणसासाठी 'विच' चालत नाही. संशय असेल तेव्हा 'हू' लिहा.

स्वल्पविरामाची निवड मात्र कधीही घाईत करू नये. एका शोकसंदेशाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. मूळ मराठी वाक्य सुरेख होतं: 'दहा वर्षं त्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या पत्नी…' इंग्रजीत झालं होतं 'हिज वाइफ हू नर्स्ड हिम फॉर टेन इयर्स', मधे एकही स्वल्पविराम नाही. इंग्रजीत असं गौणवाक्य अनेकांतून एकीला वेगळं काढतं. अर्थ असा निघत होता की त्यांना एकाहून जास्त पत्नी होत्या, आणि त्यांपैकी शुश्रूषा करणारी ती ही. त्या बाईंच्या दहा वर्षांच्या कष्टांना असं रूप यावं, याचं मला फार वाईट वाटलं. 'वाइफ'नंतर एक आणि 'इयर्स'नंतर एक असे दोन स्वल्पविराम घातले आणि वाक्य त्यांच्या मानाचं झालं. मराठीत हा फरक चिन्हाने दाखवायची वेळ येत नाही, म्हणून आपल्याला तो सहसा दिसतच नाही. स्वल्पविराम घातलेल्या गौणवाक्यात 'दॅट' चालत नाही आणि सर्वनाम गाळताही येत नाही.

'पहिली', 'एकमेव', 'शेवटचा' असे शब्द असतील तर मात्र इंग्रजी आपल्या 'णारी'च्या अगदी जवळ येते. 'नोबेल मिळवणारी पहिली महिला' म्हणजे 'द फर्स्ट वुमन टू विन अ नोबेल प्राइज'. 'टू विन'मध्येही 'मिळवणारी'सारखाच काळ नाही. तो संदर्भावरून कळतो. साल सांगायचं असेल तर पुन्हा 'हू'कडे या: 'मेरी क्यूरी, हू वन द प्राइज इन १९०३'. साल आलं की 'हॅज वन' बाद.

'हॅड' बद्दल थोडंसं. मुख्य घटना भूतकाळातली असली की आपण सवयीने 'हू हॅड टॉट मी' लिहितो. कुठली गोष्ट आधी घडली याचा गोंधळ होणार असेल तरच ते लिहावं.

आता 'ज्या बाईंनी मला वाचायला शिकवलं, त्या काल गेल्या' हे वाक्य घ्या. शिकवणं कधीच संपलेलं, म्हणून 'टीचिंग' नको. शिकवणाऱ्या त्याच, म्हणून 'हू' गाळायचं नाही. 'त्या' पुन्हा घ्यायचा नाही. शिकवणं आधीचं हे उघडच आहे, तेव्हा 'हॅड'ही नको. 'द वुमन हू टॉट मी टू रीड डाइड यस्टरडे.' नाव न घेता ओळख पटवायची असेल तर असं, एकही स्वल्पविराम न देता. नाव घेऊन लिहिणार असाल तर नावानंतर स्वल्पविराम, 'हू टॉट मी टू रीड', मग पुन्हा स्वल्पविराम.